टेंगूळ, कान आणि तहान

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मऊ जागा एकच असायला हवी, ती म्हणजे टाळू. आया-आज्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. तेल थापताना त्यांची बोटं तिथं आपोआप हलकी होतात. न्हाव्यालाही ते ठाऊक असतं. आमच्या शेजारच्या नातीचं जावळ एकवीरेच्या पायथ्याशी काढलं, तेव्हा न्हावी मधेच वस्तरा थांबवून म्हणाला, "आजी, टाळू तर इकडं हाय. मग कानाच्या वर हे मऊ कशाचं?"

"पडली असंल कुठं. टेंगूळ असंल," आजी म्हणाली. जावळ पुढं सुरू झालं.

मी भाज्याची. इतिहास शिकवते, डॉक्टर नाही. पण त्या मऊ जागेला नाव मिळायला पुढं आठ महिने गेले, आणि नाव कळल्यावर मी सवयीनं त्याचा इतिहास शोधत बसले. तेव्हा लक्षात आलं, की आमची छोटी ज्या आडवाटांनी फिरली, त्याच वाटांवर अख्खं वैद्यकशास्त्र साठ वर्षं फिरत होतं.

चार दारं, चार उत्तरं

चौथ्या महिन्यात तिच्या डोक्यावर खवडे आले. बाळांना येतातच. खोबरेल लावलं, मेडिकलमधून मलम आणलं. मानेच्या आणि जांघेच्या घड्यांत तांबूस पुरळ होतं, ते घामोळं ठरलं. नवव्या महिन्यात कान वाहायला लागला. थेंब घातले की चार दिवस कोरडा, मग पुन्हा तेच. वर्षाची झाल्यावर जावळात ते टेंगूळ सापडलं. सव्वा वर्षाची असताना तिला पाण्याचं वेड लागलं. भांडंच्या भांडं रिकामं करायची, रात्री उठून पाण्यासाठी रडायची आणि सकाळी सगळं अंथरूण ओलं. "उन्हाळा आहे," सगळे म्हणाले. मीही तिथंच होते.

यातलं एकही उत्तर वेडगळ नव्हतं. शंभरातल्या नव्याण्णव बाळांचे खवडे म्हणजे खवडेच असतात, वाहणारा कान म्हणजे सर्दीचा कान असतो आणि टेंगूळ म्हणजे पडल्याची खूण. त्वचेचं दुखणं त्वचेच्या दारात गेलं, कानाचं कानाच्या. तहान कुठल्याच दारात गेली नाही, कारण पाणी पिणं हा काही आजार नव्हे.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर एकाखाली एक चार शब्द लिहिले: कातडी, कान, हाड, पाणी. त्यांनी वहिनीला, म्हणजे मुलीच्या आईला, तारखा विचारल्या. वहिनीला तारखा आठवेनात, पण फोनमध्ये फोटो होते. बारसं, उष्टावण, जावळ, पहिला वाढदिवस. प्रत्येक फोटोवर तारीख होती आणि मागं-पुढं कुठंतरी ते पुरळ दिसत होतं. बाईंनी डोक्याचा एक्स-रे काढायला सांगितला. त्यात कवटीच्या हाडात काळी, गोल, स्वच्छ कडांची भोकं दिसली. पंचिंग मशीननं कागदाला पाडावीत तशी.

पुढं मुंबईला त्वचेचा एक छोटा तुकडा तपासून नाव मिळालं: लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. घरात ते कुणालाच उच्चारता येईना. आजी आजही त्याला "ते लंगरवालं" म्हणते.

फिलाडेल्फियातलं पोर

१८९३ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात आल्फ्रेड हँड या तरुण डॉक्टरनं तीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मूल अतोनात पाणी प्यायचं, अतोनात लघवी करायचं, डोळे खोबणीतून पुढं आले होते. ते दगावलं. शवविच्छेदनात कवटीच्या हाडात मऊ, पिवळसर जागा दिसल्या. हँडनं निदान केलं क्षयाचं. त्या काळात मूल खंगून गेलं की क्षय हेच पहिलं उत्तर असायचं.

दोनच वर्षांनी, १८९५ साली, रॉन्टगेनला क्षकिरण सापडले आणि जिवंत माणसाची कवटी आतून दिसू लागली. व्हिएन्नाचा आर्टुर श्युलर हा कवटीच्या एक्स-रेतला जाणकार. त्यानं १९१५ साली अशा मुलांच्या कवट्यांवर नकाशातल्या देशांसारखे आकार दाखवले. १९२० साली बोस्टनच्या हेन्री ख्रिस्तियननं तीन खुणा एकत्र बांधल्या: कवटीतली भोकं, पुढं आलेले डोळे आणि न भागणारी तहान. आजाराला तिघांची नावं जोडून मिळाली. श्युलर ज्यू होता. १९३८ साली नाझी व्हिएन्नात आल्यावर तो निसटला आणि मेलबर्नला जाऊन पुन्हा एक्स-रे वाचू लागला.

याच काळात जर्मनीत एरिख लेटरर (१९२४) आणि स्वीडनमध्ये स्टुरे सिवे (१९३३) अगदी तान्ह्या बाळांबद्दल लिहीत होते. या बाळांना पुरळ, ताप, मोठं झालेलं यकृत आणि पाणथरी, सुजलेल्या गाठी असायच्या आणि काही आठवड्यांत ती जायची. हा वेगळा आजार ठरला आणि १९३६ साली त्याला लेटरर-सिवे हे नाव मिळालं. मग १९४० साली न्यू यॉर्कच्या लिक्टेनस्टाइन आणि जॅफी यांनी मोठ्या मुलांच्या हाडातल्या एकुलत्या एका गाठीला तिसरंच नाव दिलं. ही मुलं बहुतेक बरी व्हायची.

म्हणजे तीन नावं, तीन भाकितं. एकात मूल मरतं, एकात वर्षानुवर्षं रेंगाळतं, एकात बरं होतं. आजाराचं नाव मुलाच्या वयावर आणि त्याला आधी कुणी पाहिलं यावर ठरत होतं. हाडवाल्याला हाड दिसलं, क्षकिरणवाल्याला कवटी. आमच्या छोटीची चार दारं आणि ही तीन नावं यांत मला फारसा फरक दिसत नाही.

१९४१ साली बोस्टनच्या सिडनी फार्बरनं सूक्ष्मदर्शकाखालचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून म्हटलं, की ही तिन्ही एकाच आजाराची रूपं असावीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत इकडं परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. रोग पेशीत बघायचा, तर्कात नाही, ही शिस्त त्यांनी इकडं रुजवली. १९५३ साली लिक्टेनस्टाइननं तिन्ही नावं मोडीत काढून एकच नाव सुचवलं: हिस्टिओसायटोसिस एक्स. एक्स म्हणजे बीजगणितातला क्ष. आजार एक आहे हे कळलं, पण कशाचा आहे हे माहीत नाही, म्हणून क्ष.

भाज्याच्या लेण्यांत चौदा स्तूपांचा एक समूह आहे. काहींवर स्थविरांची नावं कोरलेली आहेत, बाकीचे निनावी. विद्यार्थ्यांना तिथं नेलं की मी नेहमी निनावी स्तूपांपाशी थांबते. हँड, श्युलर, ख्रिस्तियन, लेटरर, सिवे ही नावं पुस्तकांत कोरली गेली. ज्या मुलांच्या अंगावरून ती वाचली गेली, त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

शरीरातला जागल्या

मजा अशी, की क्षची किंमत हँडच्याही आधी सापडली होती. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स हा वैद्यकीचा विद्यार्थी माणसाच्या त्वचेचे तुकडे सोन्याच्या क्षारात रंगवून पाहत होता. त्याला फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. फांद्यांमुळे त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. पुढच्याच वर्षी त्यानं स्वादुपिंडातली पेशींची बेटं शोधली. मधुमेहासंदर्भात इन्सुलिन तयार करणारी म्हणून आपण ऐकतो तीच ही बेटं. नंतर क्षयामुळे मायदेश सोडून तो मदेरा बेटावर गेला आणि १८८८ साली चाळिसाव्या वर्षी वारला. त्या त्वचेतल्या पेशी नेमकं काय करतात, हे त्याला कळलं नाही.

त्या राखणीच्या पेशी आहेत. हिस्टिओसाइट म्हणजे ऊतकांत राहणारी पांढऱ्या पेशींची जमात. त्यातल्या काही सफाई कामगार, म्हणजे मेलेलं, कुजलेलं गिळून टाकणाऱ्या. काही जुन्या गावगाड्यातल्या जागल्यासारख्या. वेशीवर कोण नवखा आला ते पाहायचं आणि आत जाऊन वर्दी द्यायची. लँगरहान्स पेशी त्वचेच्या वेशीवरच्या जागल्या. या आजारात तशाच दिसणाऱ्या पेशी नको तिथं गोळा होतात. हाडात जमल्या की हाड विरघळतं, कानामागच्या हाडात जमल्या की कान वाहतो. मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीच्या देठाशी जमल्या तर लघवी आटोक्यात ठेवणारं संप्रेरक आटतं आणि शरीरातलं पाणी धरून राहत नाही. ही ती तहान. साखरेच्या मधुमेहाशी तिचा संबंध नाही.

१९६१ साली लंडनमध्ये मायकेल बर्बेकनं कोडाचे डाग असलेली त्वचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लँगरहान्स पेशींच्या पोटात त्याला बॅडमिंटनच्या रॅकेटच्या आकाराचे सूक्ष्म कण दिसले. काही वर्षांत फ्रान्सच्या फ्रांस्वाज बासे यांना तेच कण हिस्टिओसायटोसिस एक्सच्या पेशींत दिसले. १९७३ साली ख्रिस्तियान नेझलॉफ आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, की क्ष म्हणजे लँगरहान्स पेशी. पेशी दिसल्यापासून १०५ वर्षांनी. १९८७ साली आजाराचं आजचं नाव ठरलं. आता रॅकेट शोधत बसावं लागत नाही. सीडी-वन-ए आणि लँगरिन या दोन खुणांचे रंग तुकड्यावर उमटले की निदान पक्कं होतं.

गोष्ट तिथंही संपली नाही. २०१० साली निम्म्याहून अधिक रुग्णांच्या या पेशींत बी-राफ नावाच्या जनुकातला एकच ठराविक बिघाड सापडला. त्यामुळे मूळ कॅन्सरसाठी बनलेली काही औषधं, नेहमीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या मुलांसाठी वापरता येऊ लागली. शिवाय या पेशी त्वचेतल्या नसून अस्थिमज्जेतून निघालेल्या असाव्यात, असंही दिसू लागलं. म्हणजे इतक्या वर्षांनी मिळालेलं नावसुद्धा पुरतं बरोबर नाही.

छोटीला दिलेलं मुख्य औषध होतं व्हिनब्लास्टिन. १९५०च्या दशकात कॅनडात ते सदाफुलीच्या पानांतून काढलं गेलं. आमच्याकडं प्रत्येक तुळशीवृंदावनाशेजारी जिचं रोप असतं, तीच सदाफुली. (झाड कच्चं खाऊ नका, ते विषारी आहे. औषध म्हणजे त्यातला शुद्ध केलेला, मोजून दिलेला अगदी सूक्ष्म अंश.) आधी दर आठवड्याला, मग तीन आठवड्यांनी, असं वर्षभर. मळवलीहून पहाटेची लोकल, लोणावळ्याला गाडी बदलायची, दादरला उतरायचं. मुक्काम पडला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. हाडातली भोकं भरून आली, कान कोरडा झाला. तहान मात्र राहिली. पीयूष ग्रंथीचं ते नुकसान बहुधा परत भरून येत नाही. रोज एक औषध घेतलं की ती इतर पोरांसारखीच असते, बालवाडीत दंगा करते. निदान आठ महिने आधी झालं असतं तर तहान वाचली असती का, हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. वहिनी मात्र हा प्रश्न अजून विचारते.

परळचा केस

हिस्टिओसाइटच्या घराण्यातला दुसरा आजार याहून धोक्याचा, कारण त्यात महिन्यांची नाही, दिवसांची घाई असते. त्याचं नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. डॉक्टर त्याला एचएलएच म्हणतात. १९५२ साली एडिंबरातल्या फार्कर आणि क्लेरो यांनी एकाच घरातल्या दोन भावंडांची हकीकत लिहिली. ताप उतरत नव्हता, पाणथरी वाढत होती, रक्त ओसरत होतं. शवविच्छेदनात दिसलं, की शरीरातले सफाई कामगार शरीराच्याच रक्तपेशी गिळत सुटले होते.

असं का होतं, याचं पहिलं नेमकं उत्तर १९९९ साली मिळालं. विषाणू शिरलेल्या पेशीला भोक पाडून मारण्यासाठी आपल्या लढाऊ पेशी परफोरिन नावाचं प्रथिन वापरतात. काही मुलांत ते जन्मतःच नसतं. शत्रू मरत नाही, म्हणून लढाई थांबत नाही, आणि सफाई कामगार बेभान होतात.

इथं परळ येतं. त्याच १९५२ साली केईएमच्या आवारात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बाँबे रक्तगट शोधला होता. त्या कामातून १९५७ साली तिथं रक्तगट संदर्भ केंद्र उभं राहिलं. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था ती हीच. रक्तगट ओळखणाऱ्या या संस्थेत आज बाळाच्या रक्तातल्या पेशींत परफोरिन आहे की नाही हे तपासलं जातं. डॉ. मनीषा मडकईकर यांनी तिथं, आणि डॉ. मुकेश देसाई यांनी जवळच्याच वाडिया बालरुग्णालयात, अशा मुलांच्या निदानावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पूर्वी ज्या मुलांचं दप्तर "ताप, कारण अज्ञात" म्हणून बंद व्हायचं, त्यांच्या जनुकातला दोष आता दाखवता येतो. पुढच्या बाळंतपणात आधीच तपासणीही करता येते.

सगळ्या निदानांना यंत्र लागतंच असं नाही. एचएलएचचा एक प्रकार ग्रिसेली सिंड्रोममध्ये होतो, त्याचं वर्णन १९७८ सालचं. या बाळांचे केस रुपेरी असतात. घरचे कौतुकानं म्हणतात, "गोऱ्या साहेबासारखे केस." तो एक केस साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात रंगाचे कण एकसारखे पसरलेले नसतात, ओबडधोबड गुठळ्या झालेल्या असतात. ताप, वाढलेली पाणथरी आणि रुपेरी केस एकत्र दिसले, तर तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा पहिला संशय घेता येतो. असे आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतात. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांत तशी शक्यता वाढते. यात दोष कुणाचा नाही, पण डॉक्टरनं विचारलं तर लपवू नये एवढंच.

एचएलएच ठरवायला आठ खुणांची यादी आहे, त्यातल्या पाच लागतात. ताप, वाढलेली पाणथरी, घटलेल्या रक्तपेशी, रक्तातलं फेरिटिन ५००च्या वर, आणि अशाच आणखी. गोची अशी, की यातल्या बऱ्याच खुणा डेंग्यूतही दिसू शकतात, क्षयातही. कधी कधी डेंग्यू किंवा क्षयच या आजाराची ठिणगी ठरतो. म्हणून डेंग्यू सापडला की प्रश्न मिटला, असं होत नाही.

कागद पुन्हा उघडणं

पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार लँगरहान्स पेशींचा आजार दर दहा लाख मुलांत वर्षाला साधारण चार-पाच जणांना होतो. तो हिशेब धरला, तर लाखभर मुलं असलेल्या तालुक्यात दोन वर्षांत एखादं मूल. गावच्या डॉक्टरला तो अख्ख्या नोकरीत एकदाही दिसणार नाही, किंवा दिसूनही ओळखू येणार नाही. आपल्याकडं क्षय इतका आहे, की गाठी, ताप आणि खंगणं दिसल्यावर आधी क्षयाचा विचार करणं शहाणपणाचंच असतं. प्रश्न त्यापुढचा आहे. औषध नियमानं चालू आहे आणि मूल सुधारत नाही, तेव्हा कागद पुन्हा उघडणार कोण?

त्या पुन्हा उघडण्यालाच खूप काही लागतं. खवडे महिनोन्‌महिने जात नाहीत, कान थेंबांना दाद देत नाही, टेंगूळ दुखल्याशिवाय वाढतं, तान्हं मूल रात्री पाण्यासाठी उठतं, दात वेळेआधी हलतात. यातलं एकेकटं काहीच सांगत नाही. दोन-तीन एकत्र आली, की एकाच डॉक्टरसमोर एकाच वेळी सगळं मांडावं लागतं. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला सांगता येतं. आणि प्रत्येक घरात आता तारखांसकटचं एक दप्तर आहे, फोनमधल्या फोटोंचं. ते डॉक्टरसमोर धरायचं असतं, इतकंच.

हँडच्या त्या १८९३च्या निबंधाला पुढचा अंक आहे. श्युलर आणि ख्रिस्तियन यांचं लिखाण वाचल्यावर १९२१ साली हँडनं पुन्हा लिहिलं. आता तो तरुण नव्हता. कवटीतली भोकं, पुढं आलेले डोळे आणि तहान अशा मुलांच्या हकीकती त्यानं गोळा केल्या आणि त्यात आपल्या जुन्या रुग्णाला नव्या जागी बसवलं, क्षयाच्या रांगेतून उठवून. पोर जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. पण आजाराच्या इतिहासात आज हँडचं नाव पहिलं येतं, आणि माझ्या मते ते १८९३च्या निदानामुळे नाही. अठ्ठावीस वर्षांनी त्यानं स्वतःचाच कागद पुन्हा उघडला, म्हणून.